पनामाचा कालवा : कार्यसिद्धीचा एक धडा

एखादें मोठें काम हातीं घ्यावयाचें म्हटलें, कीं बहुतेकांच्या मनापुढें तीन गोष्टी उभ्या राहतात : काम किती आहे, पैसा किती लागेल आणि दिवस किती लागतील. कारखाना काढणारा भांडवलदार असो, नवी पेढी उघडणारा व्यापारी असो, किंवा चार खोल्यांचें घर बांधणारा गृहस्थ असो, त्याचा हिशेब या तीन रकान्यांत मांडलेला असतो. हे रकाने खोटे नाहींत. त्यांच्याशिवाय काम सुरू करणें हा वेडेपणाच होय. परंतु तिन्ही रकाने नीट भरले असतांहि कामें फसतात, आणि तीं कां फसलीं हें पाहूं गेल्यास कारण बहुधा या रकान्यांच्या बाहेर सांपडतें. ज्या गोष्टीला 'हें आपलें काम नव्हे' म्हणून कागदावर जागाच दिलेली नसते, तीच पुढें दारांत येऊन उभी राहते आणि सर्व कामाचा ग्रास करते.

या विधानाची सत्यता पारखावयाची तर एकच काम, एकाच जागीं, दोन निरनिराळ्या मंडळींनीं केलेलें, आणि त्यांत एकाला अपयश व दुसऱ्याला यश आलेलें, असें उदाहरण पाहिजे. अशीं उदाहरणें इतिहासांत विरळा. त्यांपैकीं सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे अमेरिका खंडाच्या कमरेवर खोदलेला पनामाचा कालवा. फ्रेंचांनीं तो १८८१ सालीं खोदावयास घेतला आणि आठ वर्षांत त्यांची कंपनी बुडाली. अमेरिकनांनीं तेंच काम १९०४ सालीं हातीं घेतलें आणि १५ ऑगस्ट १९१४ रोजीं तो कालवा जगाच्या जहाजांना खुला झाला. डोंगर तोच, नदी तीच, पाऊस तोच, ताप तोच. मग फरक कशांत होता?

प्रथम फ्रेंचांची हकीकत पाहूं. उत्तर व दक्षिण अमेरिका यांना जोडणारी पनामाची संयोगभूमि सुमारें ५० मैल रुंद आहे. तेवढी चिरली, तर न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोस जाणाऱ्या जहाजाचा दक्षिण अमेरिकेला वळसा घालण्याचा सुमारें ८,००० मैलांचा फेरा वांचतो. हें काम करण्याची प्रतिज्ञा केली फर्दिनांद द लेसेप्स यानें. द लेसेप्स हा शिक्षणानें इंजिनियर नव्हे. तो मुत्सद्दी होता. परंतु १८६९ सालीं सुएझचा कालवा पुरा करून दाखविल्यामुळें त्याचें नांव घरोघर झालेलें होतें. १८७९ सालीं पॅरिसमध्यें या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं एक मोठी परिषद भरली, तेव्हां त्याचें वय ७३ वर्षांचें होतें. तरीहि त्याच्या वाणीपुढें आणि कीर्तीपुढें कोणाचें कांहीं चालेना. त्याचा आग्रह एकच होता : सुएझप्रमाणें येथेंहि समुद्रसपाटीचा, एका सागरांतून दुसऱ्या सागरांत सरळ जाणारा कालवा व्हावा.

या परिषदेंत गोदँ द लेपिने नांवाच्या एका इंजिनियरानें वेगळीच योजना मांडली. उष्ण प्रदेशांत काम करण्याचा अनुभव असलेला हा गृहस्थ म्हणाला, कीं डोंगर समुद्रापर्यंत खालीं खोदून आणण्यापेक्षां समुद्रच थोडा वर न्यावा. नदीला धरण बांधून उंचावर तळें करावें आणि जहाजें दरवाज्यांच्या हौदांतून पायरीपायरीनें वर चढवून पुन्हां तशींच खालीं उतरवावीं. या हौदांना लॉक म्हणतात. ही सूचना कोणीं फारशी मनावर घेतली नाहीं. मतें मोजलीं गेलीं आणि समुद्रसपाटीचा कालवा मंजूर झाला. सुएझचें वाळवंट सपाट व कोरडें होतें. पनामाचा डोंगर समुद्रापासून ३०० फुटांहून अधिक उंच होता, आणि तेथें पाऊस असा, कीं चाग्रेस नदी एका दिवसांत कित्येक फूट चढे. पूर्वींच्या यशानेंच माणसाची दृष्टि कशी बांधली जाते, याचें हें ठळक उदाहरण होय. एके ठिकाणीं लागू पडलेली किल्ली प्रत्येक कुलुपाला लागेल, असें यशस्वी माणसालाच सर्वांत अधिक वाटतें.

या कामावर आलेले फ्रेंच इंजिनियर मूर्ख होते, असें मात्र कोणीं समजूं नये. ते शिकलेले, धाडसी आणि कर्तव्यनिष्ठ होते. त्यांनीं आणलेलीं यंत्रें त्या काळाच्या मानानें उत्तम होतीं. त्यांनीं आंकों येथें बांधलेलें रुग्णालय तर त्या सबंध प्रदेशांत अद्वितीय होतें. प्रशस्त खोल्या, सभोंवार बगीचा, आणि शुश्रूषेसाठीं जोगिणी. परंतु बगीच्यांतील झाडांना मुंग्या लागूं नयेत म्हणून प्रत्येक झाडाभोंवतीं पाण्यानें भरलेलीं मातीचीं कडीं ठेविलेलीं असत, आणि खाटांवर मुंग्या चढूं नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवीत. त्या पाण्यांत डांसांची पैदास होई, आणि खिडक्यांना जाळी नसे. पाय मोडला म्हणून आंत गेलेला मजूर पीतज्वर होऊन मरत असे. ज्या वास्तूवर सर्वांत अधिक खर्च केला, तीच वास्तु मृत्यूची वखार होऊन बसली.

कामाचा मुख्य अधिकारी म्हणून १८८३ सालीं झूल डिंग्लर हा आपल्या कुटुंबासह पनामास आला. दोन वर्षांच्या आंत त्याची कन्या, पुत्र आणि पत्नी, तिघेंहि त्या भूमींत पडलीं. एवढें होऊनहि तो आपल्या कामावर हजर राहत असे. शौर्याची येथें वाण नव्हती. वाण होती ती शत्रु कोण हें ओळखण्याची. फ्रेंच राजवटींत सुमारें २०,००० माणसें मेलीं, असा अंदाज आहे. निश्चित आंकडा सांगतां येत नाहीं, कारण रुग्णालयाबाहेर मेलेल्या मजुराची नोंद ठेवण्याची पद्धतिच नव्हती. ज्याचा हिशेब ठेविला जात नाहीं, तें आपल्या कामाचा भाग आहे असें चालकांना वाटत नसतें, ही गोष्ट येथें लक्ष्यांत घेण्यासारखी आहे.

येथें न्यायाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पीतज्वर डांसांमुळें पसरतो, हें मत क्यूबांतील हवाना शहरीं कार्लोस फिनले या डॉक्टरानें मांडलें तें १८८१ सालींच. म्हणजे फ्रेंचांनीं काम सुरू केलें त्याच वर्षीं. परंतु त्या वेळीं जगांतील कोणाहि मान्यवर वैद्याचा त्यावर विश्वास बसला नाहीं. हिंवतापाचें बीज डांसाच्या पोटांत वाढतें, हें रोनाल्ड रॉस यानें सिकंदराबादेस शोधून काढलें तें १८९७ सालीं ; आणि फिनलेचें मत वॉल्टर रीड याच्या मंडळानें हवानांत प्रयोगानें सिद्ध केलें तें १९०० सालीं. जें ज्ञान जगांत नव्हतें, त्याचा दोष फ्रेंचांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल.

परंतु दुसरी एक गोष्ट पूर्णपणें त्यांच्या हातची होती. ती म्हणजे खरें बोलणें. कंपनीचे भाग आणि कर्जरोखे घेणारे लोक सुमारें ८ लक्ष होते. त्यांत बडे सावकार थोडे. पेन्शनर, विधवा, लहान दुकानदार आणि शेतकरी हेच फार. त्यांना कंपनीच्या वृत्तांतांतून जें कळे तें सर्व आनंदाचें असे. रोगराई, दरडी, चाग्रेसचे पूर, सर्व कांहीं सौम्य शब्दांत गुंडाळलें जाई. अनुकूल लेख यावेत म्हणून वर्तमानपत्रांना पैसे चारले गेले, आणि पुढें कर्जाच्या सोडतीला परवानगी मिळावी म्हणून कायदेमंडळाच्या सभासदांनाहि. समुद्रसपाटीचा हट्ट सोडून आयफेल याच्याकडून लॉक बांधून घेण्याचें ठरलें तें १८८७ सालीं. तोंपर्यंत वेळ आणि पैसा दोन्ही संपत आले होते. ८९ सालच्या आरंभीं कंपनीचें दिवाळें वाजलें. सुमारें १४० कोटी फ्रँक बुडाले. द लेसेप्सवर खटला होऊन त्याला शिक्षा झाली. ती भोगण्याची पाळी त्याच्यावर आली नाहीं. वार्धक्यानें जर्जर झालेला तो पुरुष १८९४ सालीं मरण पावला. पण त्याच्या नांवावर विश्वासून जन्माची पुंजी घालणाऱ्या त्या लक्षावधि घरांना त्यांचा पैसा कोण परत देणार होतें?

आतां अमेरिकनांकडे वळूं. त्यांच्या यशाची कथा सांगतांना लोक बहुधा एक महत्त्वाचें प्रकरण गाळतात. तें म्हणजे त्यांचें पहिलें वर्ष. १९०४ च्या मे महिन्यांत अमेरिकन सरकारनें काम ताब्यांत घेतलें आणि पहिल्या वर्षीं जवळ जवळ फ्रेंचांचाच पाठ गिरविला. देशांतील वर्तमानपत्रांना आणि लोकांना माती उडतांना पाहावयाची होती. म्हणून वॉलेस हा पहिला मुख्य इंजिनियर मिळतील तीं जुनीं यंत्रें घेऊन खोदूं लागला. राहावयास घरें नाहींत, खावयास धड अन्न नाहीं, प्यावयास शुद्ध पाणी नाहीं. पण खोदकाम मात्र चालू! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशांतला तो प्रकार झाला. बारीकसारीक वस्तूंच्या खरेदीलाहि दोन हजार मैलांवरील वॉशिंग्टनच्या सातजणांच्या मंडळाची मंजुरी लागे. १९०५ च्या वसंतांत पीतज्वर उसळला आणि अमेरिकन नोकर मिळेल त्या बोटीनें पळूं लागले. जूनमध्यें खुद्द वॉलेसनेंच राजीनामा दिला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. यशापयशाचा हा फरक फ्रेंच आणि अमेरिकन या जातींमधला नव्हता, यंत्रांचा नव्हता, किंवा पैशाचाहि नव्हता. पहिल्या वर्षीं अमेरिकनांपाशीं सर्व कांहीं असूनहि ते फ्रेंचांच्याच वाटेनें चालले होते. मग वाट बदलली कोणीं?

ती बदलली जॉन स्टीव्हन्स यानें. हा १९०५ च्या जुलैंत पनामास आला. त्याचा पिंड आगगाडीवाल्याचा. अमेरिकेच्या वायव्य भागांतील डोंगरांतून लोहमार्ग नेण्यांत त्याचें आयुष्य गेलेलें. आल्यावर तो दिवसांमागून दिवस पायीं हिंडला, चिखलांत उतरला, मजुरांशीं व यंत्रे चालविणारांशीं बोलला. आणि मग त्यानें जो हुकूम काढला, तो ऐकून सर्व चकित झाले. त्यानें खोदकाम थांबविलें. कालवा खोदण्यासाठीं नेमलेल्या इंजिनियरानें पहिलें काम केलें तें खोदणें बंद करण्याचें ! जोंपर्यंत पूर्वतयारी होत नाहीं, तोंपर्यंत फावडें चालणार नाहीं, असा त्याचा निर्धार होता.

ती पूर्वतयारी म्हणजे काय ? पहिली गोष्ट आरोग्याची. हवानांतून पीतज्वर घालवून दाखविलेला विल्यम गॉर्गस हा डॉक्टर पनामांत १९०४ पासूनच होता. परंतु वरिष्ठांपैकीं कांहींना त्याची ही डांसांची गोष्ट हास्यास्पद वाटे, आणि त्याला माणसें व सामान देण्यांत हात आंखडता घेतला जाई. स्टीव्हन्सनें त्याला जें मागेल तें दिलें. गॉर्गसच्या पथकांनीं पनामा शहरांतील घरन् घर गंधकाची धुरी देऊन स्वच्छ केलें. डबक्यांवर तेल ओतलें, दारां-खिडक्यांना तारेची बारीक जाळी बसविली. परंतु गॉर्गसला ठाऊक होतें, कीं पीतज्वराचा डांस दलदलींत नव्हे, तर घरांतील पिंपांत आणि रांजणांत सांठविलेल्या पाण्यांत वाढतो. आणि लोक पाणी सांठवितात तें नळ नाहीं म्हणून. तेव्हां शहराला नळाचें पाणी आणि गटारें देणें हाच खरा औषधोपचार ठरला. नळ आले, पिंपें गेलीं, पिंपांबरोबर डांस गेले. १९०५ साल संपावयाच्या आंत पनामा शहरांतून पीतज्वर नाहींसा झाला. पाण्याचा नळ हा कालव्याच्या अंदाजपत्रकांतील विषय आहे, हें ओळखण्यांत त्या यशाचें बीज आहे.

दुसरी गोष्ट माणसांच्या राहणीची. स्टीव्हन्सनें घरें, खाणावळी, बाजार, शाळा, बर्फाचे कारखाने आणि भट्ट्या उभारल्या. कामावर आलेला माणूस टिकला नाहीं, तर दर महिन्यास नवा माणूस शिकवावा लागतो आणि काम पुढें सरत नाहीं, हा त्याचा साधा हिशेब होता.

तिसरी गोष्ट वाहतुकीची, आणि येथेंच त्याची आगगाडीवाल्याची दृष्टि कामास आली. फ्रेंचांना वाटलें, कीं प्रश्न खोदण्याचा आहे. स्टीव्हन्सनें पाहिलें, कीं खोदणें हा प्रश्नाचा लहानसा भाग आहे ; खरा प्रश्न खोदलेली माती हलविण्याचा आहे. यंत्रानें माती काढली आणि ती भरून नेण्यास गाडी उभी नसली, तर तें यंत्र रिकामें पडून राहतें. १८५५ पासून चालू असलेली तेथील जुनी आगगाडी त्यानें वजनदार रूळ घालून दुपदरी केली. कुलेब्राच्या खिंडींत निरनिराळ्या उंचीवर लोहमार्ग असे आंखले, कीं भरलेल्या गाड्या उताराला लागून बाहेर पडाव्यात आणि रिकाम्या चढावर यावयास हलक्या असाव्यात. निघालेली मातीहि वायां गेली नाहीं. ती गातूनच्या धरणांत पडली, पॅसिफिकच्या बाजूचा बांध तिनें बांधला, आणि जेथें दलदल होती तेथें बाल्बोआ गांवासाठीं जमीन तयार केली.

चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट खुद्द योजनेचा आराखडा बदलण्याची. समुद्रसपाटीच्या कालव्याचें भूत अमेरिकनांच्याहि मानगुटीवर बसलेलें होतें. तज्ज्ञ मंडळाच्या बहुमतानें तशीच शिफारस केली होती. स्टीव्हन्स स्वतः वॉशिंग्टनला गेला आणि पुरांत फुगलेली चाग्रेस आपण डोळ्यांनीं पाहिली आहे, असें सांगून त्यानें त्या योजनेविरुद्ध साक्ष दिली. १९०६ च्या जूनमध्यें लॉकचा कालवा मंजूर झाला. गातून येथें नदीला धरण पडलें आणि समुद्राहून ८५ फूट उंच, १६४ चौरस मैलांचें तळें तयार झालें. जी नदी फ्रेंचांना वैरीण वाटली, तिच्याच पाठीवरून आज जहाजें जातात ; तिच्याच पाण्यानें ११० फूट रुंद व १,००० फूट लांब असे ते हौद भरतात ; आणि दरवाजे उघडझांप करणारी वीजहि तिच्याच पाण्यावर निघूं लागली. १८७९ सालीं पॅरिसच्या सभागृहांत गोदँ द लेपिनेनें सुचविलेली कल्पना सत्तावीस वर्षांनीं आणि वीस हजार मृत्यूंनंतर अशी मान्य झाली.

स्टीव्हन्सनें १९०७ सालीं काम सोडलें. त्याच्या जागीं आलेला जॉर्ज गोएथल्स हा लष्करी इंजिनियर. त्यानें केलेल्या दोन गोष्टी प्रत्येक चालकानें लक्ष्यांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी, कीं दर रविवारीं सकाळीं तो आपल्या कचेरींत बसे आणि कामावरील कोणाहि माणसाला त्याच्यापुढें येऊन तक्रार सांगतां येई. तेथल्या तेथें निकाल मिळे. दुसरी अशी, कीं त्यानें कामाचें एक साप्ताहिक पत्र काढलें आणि त्यांत कोणत्या यंत्रानें किती माती काढली याचे आंकडे छापले. पूर्वींची कंपनी आंकडे लपवीत होती. येथें ते उघड टांगले गेले. परिणाम असा झाला, कीं यंत्रायंत्रांत चुरस लागली आणि आपलें काम कोणी पाहतें आहे असें कामकऱ्यांस वाटूं लागलें. दरडी कोसळत होत्या, महिन्यांचें काम एका रात्रींत गडप होत होतें. तरीहि कालवा पुरा झाला, आणि १९०७ सालीं केलेल्या अंदाजाहून कमी खर्चांत पुरा झाला. फ्रेंच कंपनीचे हक्क व पनामाला दिलेली रक्कम धरून एकंदर खर्च सुमारें ३७ कोटी ५० लक्ष डॉलर आला.

येथें कथा संपविली असती, तर ती सुखान्त झाली असती. परंतु व्यापक दृष्टि म्हणजे काय हें खरोखर समजून घ्यावयाचें, तर या यशस्वी मंडळींच्या रकान्यांबाहेर काय राहिलें तेंहि पाहिलें पाहिजे. कारण त्यांच्याहि दृष्टीला एक कुंपण होतें.

कामावरील माणसांचे दोन पट होते. गोऱ्या अमेरिकनांना पगार सोन्याच्या नाण्यांत मिळे. बार्बाडोस, जमेका वगैरे बेटांतून आलेल्या काळ्या मजुरांना चांदीच्या. आणि या दोन नाण्यांप्रमाणें टपालाच्या खिडक्या निराळ्या, खाणावळी निराळ्या, घरें निराळीं आणि शाळाहि निराळ्या. जाळ्या लावलेलीं घरें सोन्याच्या पटावरील माणसांना. चांदीच्या पटावरील पुष्कळांना दाटीच्या बराकी किंवा स्वतः बांधलेल्या झोंपड्या. अमेरिकन राजवटींत ५,६०९ माणसें रोगानें व अपघातानें मेलीं अशी नोंद आहे, आणि त्यांतील फार मोठा वांटा या चांदीच्या पटावरील मजुरांचा आहे. पीतज्वर हटला, पण न्यूमोनिया, सुरुंगाचे स्फोट आणि गाड्यांचे अपघात यांनीं त्यांचाच बळी घेतला. ज्या धोरणानें 'आरोग्य हा कामाचा भाग आहे' असें म्हटलें, त्यानें तो भाग सर्वांना सारखा वांटला नाहीं.

तीच गोष्ट ज्यांची ही भूमि त्या लोकांची. १८ नोव्हेंबर १९०३ रोजीं कालव्याचा जो तह झाला, त्यावर पनामाच्या वतीनें सही केली ती ब्युनो-व्हारिया या फ्रेंच माणसानें. पनामाच्या एकाहि नागरिकाची सही त्यावर नव्हती. त्या तहानें देशाच्या मधोमध दहा मैल रुंदीचा पट्टा परक्याच्या ताब्यांत गेला. तळें भरलें तेव्हां चाग्रेसच्या कांठचीं जुनीं गांवें पाण्याखालीं गेलीं आणि तेथील माणसांना उठावें लागलें. अंदाजपत्रकांत या गोष्टींची किंमत नगण्य होती. परंतु जमाखर्चांत न लिहिलेलें देणें बुडत नाहीं. त्याला फक्त व्याज चढत राहतें. १९६४ च्या जानेवारींत राष्ट्रध्वजाच्या प्रश्नावरून त्या पट्ट्याच्या सीमेवर रक्तपात झाला. १९७७ सालीं नवे तह झाले, आणि ३१ डिसेंबर १९९९ रोजीं सर्व कालवा पनामाच्या स्वाधीन करावा लागला.

आणि अगदीं अलीकडची गोष्ट. जहाज एकदां या कालव्यांतून पार झालें म्हणजे सुमारें ५ कोटी गॅलन गोडें पाणी समुद्रांत जातें. तें पाणी आकाशांतून पडतें आणि भोंवतालचें अरण्य तें धरून ठेवतें. २०१६ सालीं अधिक मोठ्या जहाजांसाठीं नवे, मोठे लॉक खुले झाले. २०२३ सालीं पावसानें दगा दिला, तळ्याची पातळी उतरली, आणि जेथें दिवसाला सुमारें ३६ जहाजें जात तेथें तीं कमी करीत करीत २०२३ च्या डिसेंबरांत, एवढ्या प्रगत काळांत, दिवसाला २२ पर्यंत आणावीं लागलीं. त्याच पाणलोटाचें पाणी पनामा देशांतील निम्म्याहून अधिक लोक पितात. म्हणजे शंभर वर्षांनंतर प्रश्न पुन्हां तोच उभा राहिला : कालवा म्हणजे केवळ दोन दरवाज्यांमधील पाणी, कीं तें पाणी देणारें अरण्य आणि तें पिणारीं माणसेंहि त्यांत मोडतात ?

या सर्व हकीकतीचा सामान्य व्यावसायिकाला उपयोग काय ? आपल्यापैकीं कोणी खंड चिरावयास निघालेला नाहीं. परंतु छापखाना काढणारा, गिरणी उभारणारा, शाळेची इमारत बांधणारा, यांच्यापुढें प्रश्न त्याच जातीचे असतात. यंत्र विकत घेतलें जातें ; तें चालविणारा माणूस कोठें राहील, तो आजारी पडल्यास काम कोण करील, तयार झालेला माल कोणत्या रस्त्यानें बाजारांत जाईल, शेजाऱ्याच्या विहिरींत आपलें सांडपाणी उतरेल कीं काय, याचा विचार मागून होतो. मग यंत्र उत्तम असूनहि कारखाना रडत चालतो, आणि मालक नशिबाला बोल लावतो.

पनामाच्या दोन्ही प्रयत्नांवरून चार गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली : कामाची सुरुवात म्हणजे फावड्याचा पहिला घाव नव्हे. तयारीचा काळ हा वायां गेलेला काळ नसून कामाचाच काळ आहे, आणि तो मागून घेण्याचें धैर्य चालकापाशीं असलें पाहिजे. दुसरी : आपला खरा प्रश्न कोणता, हें पुन्हां तपासून पाहावें, माती खोदण्याचा वाटलेला प्रश्न ती हलविण्याचा असूं शकतो. तिसरी : वाईट बातमी वरपर्यंत पोंचण्याची वाट मोकळी ठेवावी. ज्या पेढींत मालकाला आनंदाचीच बातमी सांगण्याचा रिवाज पडतो, ती पेढी आंतून पोखरलेली असते. चौथी, आणि सर्वांत अवघड : या कामाची झळ ज्यांना लागणार आहे, त्यांना हिशेबांत धरावें, मग त्यांची सही कागदावर असो वा नसो. पहिल्या तीन गोष्टी साधल्या तर काम पुरें होतें. चौथी साधली तर तें टिकतें.

कामाची हद्द कोठें आंखावयाची, हें ठरविणें हाच चालकाचा पहिला आणि सर्वांत मोठा निर्णय होय. ती फार आंखूड आंखली, तर बाहेर राहिलेल्या गोष्टी कुंपण तोडून आंत येतात. फार लांब आंखली, तर काम कधींच सुरू होत नाहीं, हेंहि खरें. या दोहोंमधील प्रमाण पुस्तकांतून मिळत नाहीं ; स्टीव्हन्सप्रमाणें चिखलांत उतरून, हिंडून, विचारपूस करूनच तें कळतें. जो चालक कचेरींतील नकाशावर विसंबतो, त्याला नदी ही एक निळी रेघ दिसते. जो कांठावर जाऊन उभा राहतो, त्याला ती चढतांना दिसते.